पहिलं नर फूल कुणाचं? काकडीच्या मादी वाणाच्या बीजोत्पादनातील एक प्रकरण

हे प्रकरण जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील एका शेडनेटमध्ये दोन रब्बी आणि दोन उन्हाळी हंगामांत घडले. शेतकरी कुटुंब, ऑर्गनायझर (कंपनी आणि शेतकरी यांच्यातला मध्यस्थ) आणि कंपनी यांची ओळख येथे दिलेली नाही. शेतकऱ्याला ‘भाऊ’ आणि त्यांच्या पत्नीला ‘ताई’ म्हटले आहे, कारण प्लॉटवरही सगळे त्यांना तसेच हाक मारतात. मी या प्लॉटचा सल्लागार होतो आणि पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतील एक माझी आहे.

पार्श्वभूमी

जालन्याचे नाव बियाण्यांशी जोडले गेले ते १९६४ पासून, बद्रीनारायण बारवाले यांनी येथे संकरित बियाण्यांची कंपनी सुरू केली तेव्हापासून. त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे लहानमोठ्या अनेक कंपन्या आल्या आणि पाच-दहा गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बी तयार करणे हा या पट्ट्यातील कोरडवाहू कुटुंबांचा मोठा आधार झाला. भाऊ आणि ताई सहा-सात वर्षे मिरची, टोमॅटो आणि काकडीचे क्रॉसिंगचे, म्हणजे हाताने पराग लावून बी तयार करण्याचे, प्लॉट घेत होते. औषधे, खते आणि ऑर्गनायझरशी बोलणी भाऊंकडे, तर क्रॉसिंग आणि मजूर बायांची टोळी ताईंकडे, अशी कामाची वाटणी होती.

साध्या काकडीच्या एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. अशा वाणाला मादी म्हणून वापरायचे तर त्याच्यावरची नर फुले उमलण्याआधी रोज खुडावी लागतात, आणि एक जरी राहिले तरी त्या वेलीचे स्वतःचेच बी संकरित बियाण्यात मिसळते. या खुडणीची मजुरी आणि जोखीम टाळण्यासाठी कंपन्या फक्त मादी फुले येणारा वाण वापरतात. कोरिया आणि जपानकडच्या काकडीत हा गुण आढळला, मिशिगन राज्य विद्यापीठात त्यावर पैदास झाली, आणि आपल्याकडे हिमाचल प्रदेशातील कटराईनच्या संशोधन केंद्रातून आलेली ‘पुसा संयोग’ ही संकरित काकडी अशाच एका जपानी मादी वाणापासून तयार झाली.

भाऊंना आलेले काम मात्र संकरित बियाण्याचे नव्हते. एका लहान कंपनीला आपल्या मादी वाणाचे बी वाढवून हवे होते. पाच गुंठ्यांत सुमारे ७०० वेली लावायच्या आणि त्यांच्यापासून पुन्हा मादीच वेली देणारे बी काढायचे, असे ते काम होते. दर नेहमीच्या क्रॉसिंगपेक्षा चांगला होता, पण पैसे उगवण आणि आनुवंशिक शुद्धतेची चाचणी झाल्यावर मिळणार होते. ती चाचणी कोणत्या हंगामात होईल हे करारनाम्यात लिहिलेले नव्हते, आणि आमच्यापैकी कोणी विचारलेही नाही.

समस्या कशी उभी राहिली

मादी वाणात नर फूल येत नाही, म्हणून तो संकरासाठी सोयीचा असतो. त्याच कारणाने त्याचे स्वतःचे बी मिळत नाही. बाहेरून साध्या काकडीचा पराग आणला तर बी मिळते, पण त्यात मादीपणाच्या जनुकाची एकच प्रत उतरते आणि अशी वेल कधी पूर्ण मादी, कधी अर्धी-मुर्धी निघते. म्हणून मादी वेलीलाच काही काळ नर फुले यायला लावायची आणि त्यांचा पराग त्याच वाणाच्या मादी फुलांवर लावायचा, एवढाच रस्ता उरतो. दोन्ही बाजूंनी मादीचेच जनुक आल्यामुळे बी पूर्ण मादी निघते.

वेलीच्या शेंड्यात इथिलीन जास्त असले की कळी मादी होते. मादी वाणांत इथिलीन तयार करणाऱ्या विकराच्या जनुकाची एक जादा प्रत असते. मादी वेलीवर नर फुले आणण्यासाठी चांदीचे औषध फवारतात, पण चांदीचा आयन हे इथिलीन कमी करत नाही. इथिलीनची वर्दी पेशीपर्यंत पोहोचवणाऱ्या ग्राहक प्रथिनात तांब्याचा अणू असतो, त्या जागी चांदी बसते आणि वर्दी पोहोचत नाही. बियर या संशोधकाने चांदीचा हा परिणाम १९७६ मध्ये दाखवला. त्याआधी, १९६० मध्ये, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने जिबरेलिक आम्ल फवारून मादी काकडीवर नर फुले आणली होती.

कंपनीने सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली आणि एका कागदावर सूचना दिली होती. लिटरला पाव ग्रॅम, म्हणजे २५० पीपीएम, एकदा वेलीला दोन पाने आल्यावर आणि एकदा चार पाने आल्यावर फवारायचे होते. सप्टेंबरच्या मध्यावर बी टोकले गेले आणि दोन्ही फवारण्या वेळेवर झाल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काही वेलींवर नर फुले दिसली, तेव्हा प्लॉटवर आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी क्रॉसिंग सुरू झाले.

ताईंनी मात्र मला एक प्रश्न विचारला होता. “साहेब, औषधाचं फूल शेंड्याकडं यायला पाहिजे ना? मग या येलीला खाली तिसऱ्या पेरावर कसं आलं?” मी फोनवरच उत्तर दिले की दोन पानांवर फवारल्यामुळे खालच्या पेरांवरही परिणाम होऊ शकतो. हे उत्तर अगदीच निराधार नव्हते. पण मी प्लॉटवर न जाता, बाकीच्या वेलींवर काय दिसते हे न विचारता, ते दिले होते.

आठवडाभराने गेलो तेव्हा चित्र वेगळेच होते. ७०० पैकी पन्नासच्या आसपास वेलींवर नर फुले होती आणि तीही भरपूर, तर उरलेल्या वेलींवर एकही नाही. औषध लागू पडले असते तर कमी-जास्त प्रमाणात का होईना, जवळपास सगळ्याच वेलींवर ते दिसायला हवे होते.

पाण्याचा घोटाळा

मी भाऊंना औषध कसे कालवले ते करून दाखवायला सांगितले. त्यांनी बोअरच्या पाण्याची बादली घेतली, त्यात औषध टाकले आणि पाणी ताकासारखे पांढुरके झाले. “तवाबी असंच झालं होतं,” ते म्हणाले, “मला वाटलं औषधच तसं आहे.” कीटकनाशके पाण्यात पडली की दुधाळ होतात, तेव्हा त्यांना शंका येण्याचे कारणच नव्हते.

बोअरच्या पाण्यात क्षार होते. त्यातल्या क्लोराइडशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइडचा न विरघळणारा साका तयार होतो. म्हणजे महागाची चांदी पंपाच्या तळाशी आणि नोझलच्या जाळीत बसली होती, आणि वेलींवर पडले ते जवळपास नुसते पाणी. याला ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणीच लागते. गावात मिळणारे जारचे पाणी चालत नाही, कारण त्यातही थोडे क्लोराइड उरलेले असते. शेवटी जाफराबादच्या एका गॅरेजमधून बॅटरीत घालायचे पाणी आणले. त्यात औषध काचेसारखे स्वच्छ विरघळले. कंपनीच्या कागदावर ‘स्वच्छ पाण्यात’ असे लिहिले होते, आणि भाऊंच्या बोअरचे पाणी दिसायला स्वच्छच होते.

पहिला निर्णय: चालू ठेवायचे की थांबायचे

आता प्रश्न असा होता की औषध जर लागलेच नाही, तर त्या पन्नास वेलींवर नर फुले आली कुठून? याचे सरळ उत्तर होते, की त्या वेली मुळात पूर्ण मादी नव्हत्या. कंपनीने दिलेल्या मूळ बियाण्यातच भेसळ होती आणि आठवडाभर त्याच भेसळीचा पराग चांगल्या वेलींवर लावला जात होता.

हे मी आज इतक्या स्पष्टपणे लिहितो आहे. त्या दिवशी ते निम्मेच बोलले गेले. समोर तीन पर्याय होते. सगळी लागलेली फळे तोडून टाकायची, भेसळीच्या वेली उपटायच्या आणि नव्याने फवारून सुरुवात करायची, हा पहिला. तो सर्वांत शुद्ध होता, पण खालच्या आणि मधल्या पेरांवरची सगळी फळे जाणार होती. दुसरा पर्याय असा की भेसळीच्या वेली उपटायच्या, लागलेली फळे ठेवायची, पण त्यांचे बी वेगळे काढायचे. तिसरा, ऑर्गनायझरचा, की फुले येत आहेत तर काम थांबवू नका, हिवाळ्यात सगळ्या वेली मादीच दिसतात, चाचणी निघून जाईल.

झाले ते दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधले काहीतरी. भेसळीच्या वेली उपटल्या. फळे ठेवली. ऑक्टोबरअखेर बॅटरीच्या पाण्यात तिसरी फवारणी झाली, आणि तीन आठवड्यांच्या आत बहुतेक वेलींच्या वरच्या पेरांवर नर कळ्या दिसू लागल्या. पानांच्या कडा थोड्या करपल्या, शेंडे काही दिवस थबकले, पण वेली सावरल्या. मग संध्याकाळी नर आणि मादी कळ्यांना क्लिपा लावायच्या, सकाळी दहाच्या आत पराग लावायचा आणि क्रॉस झालेल्या फळाच्या देठाला लोकरीचा धागा बांधायचा, हे नेहमीचे काम सुरू झाले.

इथे एक साधी गोष्ट राहून गेली, जिची किंमत पुढे सगळ्यात जास्त पडली. धागा आधीही लाल होता आणि नंतरही लालच राहिला. तिसऱ्या फवारणीनंतरच्या फळांना हिरवा धागा बांधला असता तर दोन प्रकारचे बी वेगळे ठेवता आले असते. फळे वेगळी काढायचे तोंडी ठरले होते, पण डिसेंबरमध्ये पिवळी पडलेली फळे एकत्रच तोडली गेली, एकाच टाकीत गर आंबवला गेला, आणि बी एकाच ताडपत्रीवर सुकले. दहा बायांच्या टोळीला ‘खालची वेगळी, वरची वेगळी’ हे तोंडी सांगून भागत नाही. ते त्यांच्या हातातल्या धाग्यातच असावे लागते.

दुसरा निर्णय: थंडीतली चाचणी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बी कंपनीकडे गेले. जानेवारीच्या सुरुवातीला कंपनीने नमुना लावला, फेब्रुवारीच्या मध्यावर खालची आठ-दहा पेरे तपासली आणि लॉट पास केला. सगळ्यांना हायसे वाटले. लगेच पाच शेतकऱ्यांना ते बी मादी म्हणून दिले गेले आणि फेब्रुवारीअखेर क्रॉसिंगचे प्लॉट लागले.

काकडीत लहान दिवस आणि थंड रात्री मादीपणा वाढवतात, तर मोठे दिवस आणि कडक ऊन नरपणा वाढवतात. मादीपणाच्या जनुकाच्या दोन प्रती असलेली वेल उन्हाळ्यातही बहुधा टिकते. एकच प्रत असलेली वेल जानेवारीत अगदी सोज्वळ मादी दिसते आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की नर फुले टाकू लागते. मराठवाड्यात या दोन हंगामांतला फरक एवढा मोठा आहे की थंडीतल्या शेतचाचणीने उन्हाळी प्लॉटची हमी देणे म्हणजे माघातल्या ओढ्याचे पाणी पाहून वैशाखातली पेरणी ठरवण्यासारखे आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाचही प्लॉटवरून फोन आले. एका प्लॉटवर आम्ही स्वतः मोजले, तेव्हा ४०० पैकी ७१ वेलींवर नर फुले होती. कंपनीने भाऊंचे पैसे थांबवले आणि ऑर्गनायझरने सांगितले की शेडनेटची जाळी फाटली असेल, मधमाश्या शिरल्या असतील.

दोष कुणाचा, हे कसे शोधले

जाळी खरोखरच एका कोपऱ्यात फाटलेली होती आणि हे टोळीतल्या सगळ्यांना माहीत होते. त्यामुळे संशय लगेच शेजारच्या शेतकऱ्यावर गेला, कारण त्याच्या शेतात खरबूज होते आणि बांधावर शेंदाडाच्या वेली पसरल्या होत्या. दोन घरांत बोलणे बंद होण्यापर्यंत वेळ आली. हा संशय वनस्पतिशास्त्राने एका वाक्यात मिटण्यासारखा होता. खरबूज आणि शेंदाड एकाच प्रजातीतले, त्यांची गुणसूत्रे २४, काकडीची १४, आणि शेतात त्यांचा काकडीशी संकर होत नाही. दिसायला सगळी वेलवर्गीय भावंडे असली तरी सोयरीक जमत नाही. मी हे सांगितले, पण पटले नाही, कारण पलीकडच्या मळ्यात एकाने घरच्यापुरती गावरान काकडीही लावलेली होती. तिचा पराग मात्र लागू शकला असता.

या टप्प्यावर आम्हाला एका जुन्या खुणेची मदत झाली. या मादी वाणाच्या कोवळ्या फळावरचे काटे पांढरे असतात आणि फळ पिकल्यावर फिकट पिवळे होते. त्या मळ्यातल्या गावरान काकडीचे काटे काळे होते आणि फळ पिकून नारिंगी-तपकिरी होत होते. काळा काटा हा पांढऱ्यावर प्रभावी गुण आहे. म्हणजे गावरान काकडीचा पराग लागला असता तर त्या बियांच्या वेलींवर काळ्या काट्याची फळे यायला हवी होती. ताई आणि टोळीतल्या दोन बायांनी एका सकाळी त्या ७१ वेलींची फळे एकेक करून पाहिली. सगळ्यांचे काटे पांढरे निघाले.

बाहेरचा पराग आलेलाच नव्हता. फाटलेली जाळी, शेजारी आणि गावरान काकडी तिघेही निर्दोष ठरले. भेसळ वाणाच्या आतलीच होती.

दुसरा पुरावा मूळ बियाण्याने दिला. कंपनीच्या पहिल्या पाकिटातले थोडे बी ताईंनी डब्यात ठेवलेले होते. त्यातल्या ६० बिया मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पैसे थांबण्याच्याही आधी, मी केवळ कुतूहलाने लावायला सांगितल्या होत्या, आणि त्यांच्यावर कोणतेही औषध मारायचे नव्हते. एप्रिलमध्ये त्यातल्या चार वेलींवर खालच्या पेरांपासूनच नर फुले आली. ७०० पैकी पन्नास आणि ६० पैकी चार, हे प्रमाण जुळणारे होते.

आता सगळी साखळी उलगडली. मूळ बियाण्यात सात टक्क्यांच्या आसपास भेसळ होती. औषध पाण्यामुळे वाया गेले, म्हणून सुरुवातीला प्लॉटमध्ये जो काही पराग होता तो फक्त भेसळीच्या वेलींचा होता. औषध लागू पडले असते तर हीच भेसळ शेकडो वेलींच्या परागात पातळ झाली असती. पण तेव्हा ती डोळ्यांना दिसलीही नसती, कारण फवारलेल्या प्लॉटमध्ये सगळ्याच वेलींवर नर फुले असतात आणि कोणते औषधाचे, कोणते जातीचे हे ओळखता येत नाही. म्हणजे पाण्याच्या चुकीने आम्हाला भेसळ दाखवली होती आणि आम्ही तिला यश समजून तिचाच पराग वापरला. तिसऱ्या पेरावरच्या त्या फुलाबद्दलचा ताईंचा प्रश्न हा पूर्ण प्रकरणातला सर्वांत अचूक निदानाचा क्षण होता.

पैशांची तडजोड

कंपनीने आधी सगळी जबाबदारी नाकारली. आमच्याकडे लेखी काहीच नव्हते. करारनाम्यात मूळ बियाण्याच्या शुद्धतेबद्दल एक शब्द नव्हता. कोर्टात जाणे भाऊंना परवडणारे नव्हते, आणि ऑर्गनायझरशी तुटले तर पुढच्या वर्षी प्लॉट मिळणार नाही ही भीतीही खरी होती. शेवटी ६० वेलींचा तो छोटा वाफा कंपनीच्या माणसाला प्रत्यक्ष दाखवला, तेव्हा सूर बदलला. ठरलेल्या दराच्या निम्मे पैसे आणि पुढच्या रब्बीत पुन्हा काम, असे ठरले. माझ्या मते हा न्याय अर्धवटच होता.

दुसरा प्रयत्न

नवे मूळ बियाणे कंपनीकडून घ्यायचे की आपल्याकडच्या चांगल्या वेलींतून काढायचे, हा पुढचा प्रश्न होता. मादीपणाच्या जनुकाशी निगडित डीएनए मार्कर उपलब्ध आहेत आणि काही प्रयोगशाळा अशी तपासणी करतात, पण लहान कंपनीला तो खर्च नको होता. आमच्याकडे मात्र एक फुकटची प्रयोगशाळा चालू होती, ती म्हणजे एप्रिल-मेचे ऊन. साठातल्या ४१ वेली पंचविसाव्या पेरापर्यंत एकही नर फूल न टाकता टिकल्या होत्या. उरलेल्या काही मर, काही विषाणूने गेल्या.

या ४१ वेलींपासून बी मिळवायला पुन्हा नर फुलेच हवी होती. जिबरेलिक आम्लाचा विचार झाला. ते लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन वेळा मारावे लागते, वेली ताणून लांबोड्या होतात आणि परिणाम लवकर ओसरतो. त्यापेक्षा चांदीचेच दुसरे रूप, सिल्व्हर थायोसल्फेट, निवडले. जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणत ते सोडियम थायोसल्फेट आणि सिल्व्हर नायट्रेट बॅटरीच्या पाण्यात वेगवेगळे विरघळवून, चांदीचे द्रावण हायपोच्या द्रावणात हळूहळू ओतत ते तयार होते. उलटे ओतले तर काळपट साका होतो. या रूपात चांदी बांधलेली असल्याने ती क्लोराइडशी सहजासहजी साका धरत नाही आणि वेलीत सहज फिरते. मुख्य शेंडा तपासणीसाठी मोकळा ठेवून फक्त बगलफुटींवर संध्याकाळी फवारले. भाऊंची बोटे आठवडाभर काळी होती. मतदानाच्या शाईत हेच सिल्व्हर नायट्रेट असते, तेव्हा गावात ‘कुठं मतदान करून आलात’ अशी थट्टाही झाली. पुढच्या वेळी हातमोजे आले.

मेच्या उन्हात फळधारणा कमीच झाली. सकाळी साडेसातच्या पुढे मादी फूल कोमेजत होते, म्हणून उजाडताच पराग लावावा लागे. जेमतेम तीस फळे हाती आली. पण त्या फळांच्या बियांनी पुढच्या रब्बीचे पाच गुंठे सहज भरले.

रब्बीत मांडणी पूर्ण बदलली. चार ओळी न फवारता बीसाठी ठेवल्या आणि पाचवी ओळ परागासाठी फवारली. न फवारलेल्या ओळीत एखादी वेल नर फूल टाकते आहे असे दिसले की ती भेसळ, हे उघड कळते आणि ती उपटता येते. परागाच्या ओळीतही दोन पानांवर फवारण्याची घाई केली नाही. आधी सहा पेरे उघडी पाहिली, मगच औषध मारले. नर फुले त्यामुळे उशिरा आली आणि दोन आठवडे क्रॉसिंगची टोळी रिकामी बसल्यासारखी झाली. ताईंनी त्या काळात त्यांना शेजारच्या मिरचीच्या प्लॉटवर पाठवले. धागे या वेळी दर पंधरवड्याला बदलले.

आणखी एक गोष्ट बदलावी लागली, जिच्याकडे पहिल्या वर्षी आमचे लक्षच नव्हते. क्रॉस न झालेली कोवळी काकडी बाया कोशिंबिरीला घरी नेत, आणि बी काढल्यावरचा गर म्हशीपुढे टाकला जाई. चांदी फवारलेल्या वेलीचे फळ खाण्यासाठी नसते. दुसऱ्या वर्षी फवारलेल्या ओळीतले सगळे खड्ड्यात गेले आणि उरलेले द्रावण विहिरीच्या आसपास न ओतण्याची ताकीद मिळाली. बायांना हे सांगणे सोपे नव्हते, कारण पहिल्या वर्षी त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. मीही नाही.

निष्पत्ती

नव्या लॉटची चाचणी या वेळी कंपनी आणि भाऊ यांनी मिळून, फेब्रुवारीअखेर पेरून, एप्रिलमध्ये केली. २०० पैकी तीन वेलींवर पंधराव्या पेराच्या वर एखाददुसरे नर फूल दिसले. लॉट पास झाला आणि पैसे पूर्ण मिळाले, जरी चाचणी उन्हाळ्यात गेल्याने ते चार महिने उशिरा आले. हा उशीर लहान शेतकऱ्याला सोसत नाही, आणि मी पुन्हा करार लिहून घेतला तर उगवण चाचणीवर निम्मे पैसे आधी द्यावेत, असे एक कलम त्यात नक्की घालेन.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या वर्षी मूळ बियाण्यातल्या चाळीस-पन्नास बिया उन्हाळ्यात न फवारता लावून पाहिल्या असत्या, तर भेसळ प्लॉट लागण्याच्या आधीच उघडी पडली असती. त्याला एक वाफा आणि तीन महिने लागले असते. कंपनीला घाई होती हे खरे, पण त्या घाईत पाच शेतकऱ्यांचा उन्हाळा गेला.

भेसळ कळल्यावर सगळी फळे तोडायला हवी होती का, यावर भाऊंचे आणि माझे आजही एकमत नाही. त्यांच्या मते धागा बदलला असता तरी पुरे होते आणि खालच्या फळांचे बी वेगळे ठेवून कंपनीला खरे सांगता आले असते. माझे म्हणणे असे की वेगळे ठेवलेले संशयित बी कंपनीत कुठेतरी मिसळतेच. पण भाऊंच्या बाजूला एक गोष्ट आहे, की त्यांच्या सल्ल्याने निम्मे उत्पन्न वाचले असते आणि माझ्या सल्ल्याने तेही गेले असते.

माझ्या स्वतःच्या बाबतीत, तो फोन मी आजही विसरलेलो नाही. ज्या बाईने शेकडो वेली रोज हाताळल्या तिने विसंगती नेमकी पकडली होती, आणि मी पुस्तकातले एक शक्य उत्तर देऊन ती मिटवली. आता ताईंच्या वहीत प्रत्येक ओळीसाठी एक रकाना आहे. त्यात पहिले नर फूल कोणत्या पेरावर, कोणत्या तारखेला आले हे लिहिले जाते, आणि तो रकाना भरल्याशिवाय क्रॉसिंग सुरू होत नाही.

दोनशेतल्या त्या तीन वेलींचे बी वेगळ्या पाकिटात ठेवले आहे. ती नर फुले उन्हाची की जनुकाची, हे पाहण्यासाठी ते येत्या फेब्रुवारीत स्वतंत्र वाफ्यात लागणार आहे.